पोळपाटावरचा माऊस

गेमिंग माऊसचे रिव्ह्यू करणाऱ्या पोरांशी माझं काही वाकडं नाही, पण त्या दिवसांत मला त्यांचा भयंकर राग यायचा. व्हिडिओ लावला की आधी खोक्याचं कौतुक. मग माऊस तळहातावर उडवून वजन सांगणार, रंगीत दिवे दाखवणार आणि लगेच गेममध्ये बंदूक घेऊन धावायला सुरुवात. अरे बाबांनो, धावा, मारा एकमेकांना, पण मधे कुणीतरी एवढं सांगा ना, ज्याच्या अंगठ्यात जोरच राहिला नाही त्याला हा माऊस जमेल का? ते कुणी सांगत नव्हतं. मी घरी बसून दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर भरते. त्या महिन्यात एका खिडकीत बिलं आणि दुसऱ्या खिडकीत ही धावपळ, असंच चाललं होतं.

माऊस हवा होता माझ्या दादाला. घाटकोपरला, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, एका चिंचोळ्या गाळ्यात तो फ्लेक्सचे बॅनर डिझाइन करायचा. वाढदिवस, जयंती, दहीहंडी, दहावी पास झालेल्यांचं अभिनंदन आणि श्रद्धांजली. छपाई साकीनाक्याला व्हायची, पण डोकं आणि हात दादाचा. टेकडीवरच्या आमच्या वस्तीत कुणी गेलं की माती देऊन आलेली माणसं चहा पिऊन थेट दादाकडे यायची. मोबाइलमध्ये कुठल्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो असायचा, आणि गेलेला माणूस त्यात मागच्या रांगेत, अर्धा कुणाच्या तरी फेट्याआड. दादा त्याला तिथून सोडवून आणायचा. फोटो कापणं म्हणतात त्याला. चेहऱ्याच्या कडेकडेनं माऊसनं एकेक टिंब टाकत जायचं, सगळी टिंबं जुळली की माणूस मोकळा. दुसरे डिझायनर डोक्याभोवती ढोबळ गोल मारून मोकळे होतात. दादा कानामागची बटसुद्धा सोडायचा नाही.

त्याचा एक नियम होता. वाढदिवसाच्या फाइलवर श्रद्धांजली करायची नाही. घाईचं काम असलं की सगळे तेच करतात. जुनी फाइल उघडायची, फोटो बदलायचा, केकच्या जागी समई, झालं. एकदा पलीकडच्या चौकात असाच एक बॅनर लागला. वर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग, तिच्यावर ठळक अक्षरात 'शुभेच्छुक'. बदलायचं राहूनच गेलं होतं. सगळी वस्ती पोट धरून हसली. मीही हसले. दादा तेवढा चिडला. "मेलेल्या माणसाला कोरं पान तरी द्या की रे!"

आजार आधी कॅरमवर दिसला. मंडळाच्या खोलीत दादासमोर बसायला पोरं घाबरायची, आणि त्याच्याच हातून स्ट्रायकर अर्ध्या बोर्डावर मरायला लागला. पोरांना वाटलं दादा मस्ती करतोय. मग उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा बसत गेला, शर्टाचं बटण लागेना. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, वाढत जाणार, थांबवणारं औषध नाही. आईनं मोहरीचं तेल चोळायला घेतलं. दादानं डॉक्टरांना एकच विचारलं, "माऊस किती दिवस धरता येईल?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला तर बाकी सगळं ऐकूच आलं नव्हतं. किती दिवस जगेल हे त्यानं विचारलं नाही, माऊसचं विचारलं. तेव्हापासून आमच्या घरात तोच एक प्रश्न होता.

शेवटी मी सगळ्यात हलका, बिनवायरीचा गेमिंग माऊस मागवला. पाठीला भोकंच भोकं. आई म्हणाली, "उंदरानंच कुरतडलाय की गं!" उचलला तर हातात बटाटेवड्याइतकंही वजन नाही. दादानं तो उलटासुलटा केला, दिवे लागलेले बघितले आणि म्हणाला, "हे काय, डीजे आणलास काय?" मग हसला. आजार कळल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल.

आधी मी माझ्या कामावर लावून बघितला, आणि हात टेकले. बाजूला दोन जास्तीची बटणं असतात, बोट चुकून लागलं की भरलेला फॉर्म गायब. चाक इतकं सैल की बिल शोधायला जावं तर पार खालच्या ओळीवर. बिलं भरण्यासाठी अगदी फालतू. पण खेळायला मात्र झकास. दादानं कॉम्प्युटरवर कॅरम लावला. तिथे बोटानं टिचकी मारायची नसते, माऊसनं स्ट्रायकर मागे ओढून सोडायचा असतो. त्यानं मला सलग धुतलं. राणी घेतली, वर तीच जुनी बोलणी. "तू चपात्या लाट, हो बाजूला." मी मुद्दाम हरत नव्हते, खरंच हरत होते. त्याला संशय आलाच. "दया दाखवतेस काय गं?" मी म्हटलं, "तुझ्यावर? तोंड बघ!" त्या संध्याकाळी मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की माऊस सापडला म्हणजे सगळं सापडलं.

फोटो कापण्यात पहिल्यांदा वाट लागली. या माऊसचं क्लिक इतकं हलकं की बोट नुसतं थरथरलं तरी दोन टिंबं पडायची. दादा शिव्या घालायचा, माऊसला, बोटाला, मला. मग आम्ही तोडगे काढत गेलो. दुहेरी क्लिक बंद करायची सोय सापडली. चुकलेलं टिंब पुसायचं काम बाजूच्या बटणावर टाकलं. जी दोन बटणं माझ्या जिवावर उठली होती त्यांच्यावर त्याचं अर्धं काम निघू लागलं. आणि पोटाशी एक बारीक बटण होतं. ते दाबलं की कर्सर जास्त हलका, जास्त चपळ होतो. हात थोडा हलवला तरी बाण लांब जातो. दादाचा हात जसजसा कमी हलू लागला तसतसं मी ते बटण दाबत गेले. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

गाळ्यापर्यंतचा चढ झेपेना तेव्हा कॉम्प्युटर घरी आणला. मग खुर्चीत बसवेना तेव्हा पलंगापाशी. स्क्रीन स्टुलावर, दादा उशांना टेकून. वायर नसल्याचा उपयोग मला तिथे कळला, पण माऊस ठेवायचा कशावर? गादीवर तो रुतायचा. स्टीलचं ताट उपडं घातलं तर चकाकीनं बाण उड्या मारायला लागला. मी वैतागून स्वयंपाकघरातून पोळपाट उचलून आणला आणि त्याच्या कमरेशी ठेवला. इतक्या वर्षांच्या चपात्यांनी गुळगुळीत झालेलं लाकूड. माऊस त्यावर असा सरकला की दादानं "आयला!" म्हणून माझ्याकडे बघितलं. आई दारातून ओरडली, "अन् म्या चपात्या काय डोक्यावर लाटू?" पण तिनं तो परत मागितला नाही. ओट्यावरच लाटायची.

पुढे बोटानं क्लिक दाबणंही गेलं. मनगट तेवढं सरकायचं, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. मी सुचवलं, जुना वायरचा माऊस मीही जोडते, एका कॉम्प्युटरला दोन माऊस चालतात, बाण एकच राहतो. तू सरकव, मी दाबते. तो भडकला. "माझ्या कामात हात घालायचा नाही. त्यापेक्षा गाळा विकून टाका!" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आईनं समजावलं, मी रडले, भांडले. "तुझं एकट्याचं काम आहे काय ते? वस्तीतली माणसं कुणाकडे जाणार?" असं मी ओरडले आणि ओरडताना लाजही वाटली, कारण वस्तीची मला काहीच पडली नव्हती. त्यानं काम सोडलं की तो जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच म्हटलं, "आण तुझा तो म्हातारा उंदीर."

मग आमचं सुरू झालं. तो बाण नेऊन थांबवायचा, आवाज बसत चालला होता म्हणून नुसतं "हं" म्हणायचा, आणि मी दाबायची. कधी मी घाई करून माझाच माऊस हलवला तर बाण दोघांच्या मधे अडायचा, मग तो हळूच माझ्या हातातून काढून घेतल्यासारखा योग्य जागी जायचा. कानामागे, मानेच्या वळणावर. त्या वर्षीचा जयंतीचा बॅनर आम्ही असा केला. शेजारच्या आजोबांचा श्रद्धांजलीचा केला. कोऱ्या पानावर. मला वाटतं, आयुष्यात मी त्याच्या इतकी जवळ कधीच बसले नव्हते, आणि तो रोज थोडा थोडा लांब जात होता. माऊसची चपळाई शेवटच्या पायरीवर पोचली. पोटाचं बटण आणखी दाबलं की ती परत पहिल्यावर यायची. याच्या पुढे त्या यंत्रात काही नव्हतं.

दादा एका दुपारी गेला. चहा देताना आईच्या लक्षात आलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दादाच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, बॅनरचं मंडळाची पोरं विचारायला आली. "ताई, तू त्रास नको घेऊ, आम्ही दुसरीकडून करून घेतो." मी म्हटलं, "दुसरीकडून? दादाचा बॅनर?" पोरं गेल्यावर मी कॉम्प्युटर चालू केला. स्टूल, पलंग, पोळपाट, सगळं जिथल्या तिथे होतं. त्याचा माऊस पोळपाटावर, दिवे लागलेले. तो गेल्यानंतरही मी रोज सवयीनं चार्जिंगला लावत होते, वेड्यासारखी.

मी तो हातात घेतला आणि बाण एका झटक्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात पळाला. परत आणायला गेले तर दुसऱ्या कोपऱ्यात. माझ्या धडधाकट हाताला तो धरताच येईना. पोटाचं बटण दाबलं असतं तर एका क्षणात सरळ झाला असता. नाही दाबलं. दाबवेना. त्याच्या हाताचं माप तेवढं एकाच ठिकाणी उरलं होतं. माऊस जिथे होता तिथे ठेवला आणि माझा वायरचा जवळ ओढला.

कोरं पान उघडलं. फोटो मंडळाच्या खोलीतला, कॅरमवर वाकलेला, डोळे राणीवर. आजूबाजूला पोरांचे खांदे, हात. त्यातून दादाला मोकळं करायचं होतं. हनुवटीपासून सुरुवात केली. एक टिंब, दुसरं टिंब. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसत पुसत मी वर चढत कानापर्यंत आले. तिथे माझा हात नेहमी चुकायचा. मी माऊसवरून हात काढला, पदरानं नाक पुसलं.

आणि बाण हलला.

अगदी थोडासा. कानामागे, त्या बटेकडे. थरथरत.

मी मागे वळून बघितलं. आई कधी आत आली होती मला कळलंच नव्हतं. पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिचा हात पोळपाटावर, त्या माऊसवर होता.

"आई, हलवू नकोस गं."

"म्या कुठं हलवतीय?" ती म्हणाली. "नुस्ता हात ठिवलाय."

मी तिला हात काढ म्हटलं नाही. बाण तिच्या हातानं थरथरत राहिला. तो जरा थांबला तेव्हा मी दाबलं.