सात एकांचा आकडा

"थांबा, फुटतो का बघू!" गाडीचा नंबर असो की लॉटरीचं तिकीट, आकडा दिसला की आळेफाट्याचे आमचे भांडीवाले शेठ तो फोडायला बसत. फोडायचा म्हणजे निःशेष भागायचा. नाहीच फुटला तर आदराने म्हणत, "गडी कडक हाय!"

भागाकार चालत ते भांडी गुंडाळायच्या रद्दीच्या कोऱ्या कडांवर. त्यामुळे राजुरीपासून पिंपरी पेंढारपर्यंत ज्याच्या घरी पातेलं गेलं, त्याच्या घरी एक भागाकारही गेला. तुमच्याही माळ्यावर एखादा असेल.

शेठचा खरा जीव अडकला होता सात एकांत. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. पाच एक त्यांनी एकेचाळीसने फोडले होते, सहा तर तीननेच फुटले. सात काही दाद देईनात. दोन हजार सालच्या सुमारास मी दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा पेढा घ्यायच्या आधी त्यांनी मला दम भरला.

"मास्तर, तुमच्या मशीनला इचारायचं न्हाई. ह्यो मी हातानं फोडणार."

मी मान डोलावली, वर गेलो आणि पहिलं तेच काम केलं. उत्तर लगेच आलं: दोनशे एकोणचाळीस. एकेका आकड्याने भागत शेठ तेव्हा शंभरापर्यंतही पोचले नव्हते. रोज खाली चहा प्यायचा आणि तोंड मिटून बसायचं, ही माझी शिक्षा.

अखेर एका सकाळी ते दोनशे एकोणचाळीसवर आले. माझा चहा गार झाला. आणि वजाबाकीत दशकाला एक कमी पडला! बाकी उरली एकशे एकोणचाळीस. "न्हाई फुटत," म्हणत त्यांनी त्याच कागदात एका बाईंची कळशी गुंडाळली. याला फोडणारा पुढचा आकडा थेट साडेचार हजारांच्या पलीकडे; आता हा त्यांच्या हातून जन्मात फुटणार नव्हता. सांगायची तर बंदी.

"शेठ, ताळा केला का?"

"गडबडीत ऱ्हायला की!" त्यांनी कळशी सोडवली.

"अवो, मला यस्टी गाठायचीय," बाई करवादल्या.

शेठनी अंकांच्या बेरजा करत नवाचा ताळा घेतला. "सहा येतोय. यायला पायजे सात." पुन्हा भागलं. या वेळी बाकी शून्य. त्यांचे डोळे भरून आले. बाईंनाच म्हणाले, "फुटला, ताई."

"काय, कळशी?"

सगळ्या पेठेत पेढे वाटून झाल्यावर ते माझ्याकडे आले.

"मास्तर, तुमाला ठावं व्हतं न्हाई का?"

"पहिल्या दिवसापासून."

 उरलेला पुडा माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "लई सोसलंत, राव." एवढा मान मला कुठल्या सर्टिफिकेटने दिला नाही.

आठ, नऊ, दहा एक लगेच फुटले. शेठ अकरा एकांना भिडले आणि त्यातच, एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. क्लासात पुढे कितीतरी मशीनं आली आणि गेली. अकरा एकांचं मी अजून एकालाही विचारलेलं नाही.