किसनभाऊंची मूठ

किसनभाऊ गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा साळा वामन सकाळच्या मोटारीने खामगावला आला, तेव्हा मी कोर्टात निघायच्या तयारीत होतो. दारातूनच तो म्हणाला, "वकीलसाहेब, भाऊ गेले. ताई म्हनते, तुमी आल्याबिगर नाकाले कापूस लावू देनार नाही." मी तसाच त्याच्याबरोबर निघालो. या गोष्टीला आता महिना होत आला...

त्यांची माझी ओळख झाली तेव्हा माझी वकिलीची सनद कोरी करकरीत होती आणि अशील औषधालाही नव्हते. किसनभाऊ संग्रामपूरकडचे. घरची थोडी शेती, मिरची-वांग्याचा मळा, आणि हंगामात खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मजुरी. गावचाच नामा नावाचा जिवलग मित्र सोबत असे. एका दुपारी जिनातली कापसाची भली मोठी गंजी ढासळली आणि दोघेही तिच्याखाली गाडले गेले. आत काळोख. बोलायला तोंड उघडावे तर तोंडात कापूस. दोघांनी एकमेकांचा हात धरून ठेवला. लोकांनी उपसून काढले तेव्हा नामा मेलेला होता आणि किसनभाऊंच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. हात मात्र ओढून सोडवावे लागले म्हणे.

पुढे कापूस दिसला की त्यांचा श्वास अडके. उजवी मूठ पुरती उघडेना. गादी गेली, उशी गेली, जमिनीवर घोंगडी टाकून ते निजू लागले. विणलेले कापड चाले. त्यात कोणी राहत नाही, असे ते सांगत. काळ्या मातीत त्यांनी कापूस लावणेही सोडले, म्हणजे वऱ्हाडात वेडाचा दाखलाच! गावाने निकाल देऊन टाकला, की नामाने धरले आहे. भगत झाला, लिंबे झाली. शेवटी ते माझ्याकडे आले. मला वाटले, कायद्याने नामाच्या बायकोला भरपाई मिळाली तशी यांनाही हवी असेल. तसे मी विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "मले भूत नाही लागलं, साहेब. मले अपघात झाला. भूत म्हनलं का गोष्ट माह्या घरात येते, अपघात म्हनलं का जिनात राह्यते. घरात उजवायची पोरगी हाय. कोर्टानं तेवढं म्हनलं पाह्यजे."

असा दावा कोणी केल्याचे ऐकिवात नव्हते. तरुणपणी माणूस असल्याच गोष्टींना भुलतो, मीही भुललो. मालकाचे वकील मुरलेले. त्यांनी किसनभाऊंना जखम दाखवायला सांगितली. ती नव्हतीच. मग त्यांनी खिशातून सरकी काढलेल्या कापसाची मूठभर रुई काढली आणि काही कळायच्या आत किसनभाऊंच्या उजव्या हातात कोंबली. मला वाटले, आता हे कोसळतील. पण त्यांनी मूठ आवळली, शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि घरच्या माणसाशी बोलावे तसे हळूच म्हणाले, "नामा, सोड आता. साहेब पाहून राह्यले."

देहाला इजा नाही, सबब भरपाई नाही, असा निकाल झाला. ती रुई मात्र पिंजऱ्याशी पडून राहिली. मालकाचे वकील तिला वळसा घालून गेले, शिपाई केरसुणी घेऊन आला आणि तसाच परतला. शेवटी मीच ती उचलली, तंबाखूच्या डबीत टाकली आणि डबी घरच्या कपाटात ठेवली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

रुई दाबून सोडली की फुगते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. ही फुगली नाही. मुठीतून निघाली तशीच आवळलेली राहिली, बोटांच्या खुणांसकट. किसनभाऊ बाजाराला आले की माझ्या कपाटाजवळच्या बाकावर बसत, वांगी देत आणि जाताना विचारत, "सोडलं का नामानं?" मी डबी उघडून पाही आणि नाही म्हणे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण बोटाने ती रुई मोकळी करून पाहायची माझी छाती कधी झाली नाही, हेही खरे.

मुलीचे लग्न झाले, पण फार लांब, ही गोष्ट जिथवर पोचली नव्हती तिथे. किसनभाऊ गेले त्या दिवशी ती नवऱ्यासह आली होती. भावकीतले एक म्हातारे कापसाचे बोळे वळून बसले होते. किसनभाऊंच्या बायकोने, काशीवहिनींनी, सगळ्यांदेखत मला विचारले, "तुमी कोर्टातले. सांगा, यायले अपघात झाला होता का भूत लागलं होतं?"

"अपघात," मी म्हणालो. कोर्टाने जे म्हणायला हवे होते ते एवढेच. म्हाताऱ्यांनी बोळे मुकाट्याने बाजूला ठेवले. वहिनींनी जुन्या धोतराची चिंधी फाडली आणि तीच नाकाला लावली. मी हार घालायला वाकलो तेव्हा किसनभाऊंचा उजवा हात पाहिला. तळवा सपाट उघडा होता... मेल्यावर स्नायू सैल पडतात, असे मी स्वतःला परतीच्या वाटेवर मोटारीत पुन्हा पुन्हा सांगत होतो.

घरी येऊन कपाट उघडले. रुई फुगली होती. इतकी, की डबीचे झाकण निघून बाजूला पडले होते. मी ते अजून परत लावलेले नाही.