जाळीला बांधलेला लाल दोरा

त्रिंबक शिवशरण यांचा भवानी पेठेत टॉवेलचा कारखाना आहे, आणि पगारी खेळाडूंचा फुटबॉल संघही. कारखान्यात विणीत चूक झाली, की विणकराने ती लपवायची नाही. तिथे स्वतःच लाल दोरा बांधायचा. संघातही तोच नियम: हरल्यावर ज्याची चूक, त्याने गोलच्या जाळीला दोरा बांधायचा.

रविवारी मालकांनी बाकावरून ओरडून चांगला गोलकीपर बदलायला लावला. मी प्रशिक्षक असून बदलला. आम्ही हरलो. माझं डोकंच फिरलं. सोमवारी राजीनामा खिशात घालून मैदानावर गेलो, तर त्रिंबकराव जाळीला दोरा बांधत होते.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "परत मधे बोललो, तर भाईर काडा मला."

राजीनामा खिशातच राहिला. मी हात पुढे केला.

"मलाही एक दोरा द्या. तुमचं ऐकलं ते मीच की!"