फँटम म्हणजे भूत नव्हे

फीटोस्कोप हौसाच्या पोटावर ठेवून मी पुन्हा कान लावला. फीटोस्कोप म्हणजे एक लहानसा कर्णा. रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्या तोंडाला कान लावायचा, की बाळाचे ठोके ऐकू येतात. घड्याळ घाईत असावं तसे, भराभर. हौसाच्या पोटात नुसती गुडगुड होती.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. हौसा तोरण्याखालच्या एका वाडीतली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं आणि आता उशिरा दिवस गेले होते. वाजतगाजत ओटी भरली होती. पण दिवस भरून गेले तरी कळा येईनात, म्हणून नवरा किसन आणि सासू भागाबाई तिला बैलगाडीतून घेऊन आले होते.

"ठोकं लागत न्हाईत का वं बाई?" हौसाने विचारलं.

"डॉक्टरांना बघू दे," मी म्हटलं.

डॉक्टर पुण्याहून नवीन आलेले, तरुण, पण घाई न करणारे. त्यांनी पोटावर बोटांनी हलकेच टिचक्या मारल्या. रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला. भरल्या दिवसांचं पोट असं वाजत नाही. बेंबीही बाहेर न येता आतच होती. मग त्यांनी आतून तपासलं, हात धुतले आणि मला शेजारच्या पडद्याआड बोलावलं.

"सिस्टर, गर्भाशय अगदी लहान आहे. बाळ नाही, कधी नव्हतंच. फँटम प्रेग्नन्सी."

मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. मुलाची ओढ इतकी लागते, की शरीर त्या ओढीवरच विश्वास ठेवतं. पाळी थांबते, पोट वाढतं, दूधसुद्धा येतं.

किसन पडद्यापलीकडे दाराशीच उभा होता. तो भोरच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेला. शेवटचे शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, फँटम म्हंजी भूत ना? आमच्या इंग्लिशच्या पुस्तकात हुतं."

भागाबाईंनी तेवढंच ऐकलं. "भूत? माझ्या सुनंच्या पोटात?" त्या किसनकडे वळल्या. "किसना, गाडी जुंप. हिला भगताकडं न्याची."

भगताकडे काय चालतं ते मी त्या भागात पाहिलं होतं. मिरच्यांची धुरी, केस धरून घुमवणं, वेताच्या छड्या. मी दारात आडवी उभी राहिले.

डॉक्टर हळूच म्हणाले, "फॉल्स प्रेग्नन्सी म्हणू या का?"

"फॉल्स म्हणजे खोटं, सर. मग हौसा गावभर खोटारडी ठरेल."

टेबलावर इंजेक्शनच्या ट्रेमध्ये एक बाटली होती. ती उचलून मी किसनच्या हातात दिली.

"वाच बघू."

"स्पिरिट."

"पुस्तकात ह्याचा अर्थ काय होता?"

"आत्मा." त्याने बाटली जरा लांब धरली. "भूत बी."

"सुई द्यायच्या आधी आम्ही दंडाला हेच लावतो. कुणाच्या अंगात भूत शिरलेलं ऐकलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग डॉक्टर पुढे आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसले. "किसनराव, आमच्याकडे असे शब्द बरेच आहेत. पाय कापलेल्या माणसाला तो नसलेला पाय दुखतो, त्यालाही आम्ही फँटमच म्हणतो. एक्स-रेच्या फिल्मवर नको ती पुसट आकृती उमटली, तर तिला घोस्ट म्हणतात. जे आहेसं वाटतं पण नसतं, त्याला इंग्रजीत असलं नाव लावतात. नाव तेवढं भुताचं."

किसन उठला. आईकडे वळून म्हणाला, "आये, गाडी न्हाई जुंपायची. भूतबीत काय न्हाई."

"मंग पोटात काय हाय?"

"कायच न्हाई गं," तो म्हणाला, आणि ते म्हणतानाच त्याला त्याचा अर्थ कळला. भिंतीकडे तोंड करून तो रडायला लागला.

हौसाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदर बाजूला केला. चोळीवर दुधाचा ओला डाग होता.

"ह्ये खोटं हाय व्हय, बाई?"

"नाही. हे खरं आहे."

"मंग बाळ कसं खोटं?"

"तू काही खोटं बोलली नाहीस, हौसा," एवढंच मी म्हणाले आणि तिचा हात धरून बसले. ती बराच वेळ पोटावरून हात फिरवत होती.

डॉक्टरांनी तिला थोडे दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलं. भागाबाई घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आल्या. मला धास्ती वाटली, आता काय बोलतात. त्यांनी खाटेवर बसून डबा उघडला. डिंकाचे लाडू होते.

"खा."

"आत्याबाई, मी कुठं बाळंतीण हाय?"

"नसंना. एवढं म्हयनं पोट वागवलंस का न्हाई? कंबर धरली का न्हाई? ते सोसलं कुनी? खा गप."

हौसा लाडू खात होती आणि रडत होती. भागाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढे तिची पाळी सुरू झाली, पोट उतरलं. वाडीत भागाबाईंनी सांगितलं, सुनेला पोटाचा आजार होता, बरा झाला. जास्त चौकशा करणारीला त्या दारातूनच वाटेला लावत. माझी भोरला बदली होईपर्यंत तरी हौसाला मूल झालं नव्हतं. तिला भगताकडेही कुणी नेलं नाही.

नंतर माझ्या हाताखाली नवीन नर्स आल्या, की मी त्यांना आधी एक गोष्ट सांगत असे. पडदा कापडाचा असतो. त्याच्याआड डॉक्टरांशी जे बोलाल, ते बाहेरच्यांना ऐकू जातं. आणि ते ज्या अर्थाने ऐकतील, तोच त्यांच्यासोबत घरी जातो.