गालाची जागा

जवसाच्या तेलाचा वास आला की माझे हात अजूनही अस्वस्थ होतात. माघातली सकाळ असावी, थंडी ओसरत चाललेली पण उन्हाला अजून धार न आलेली, मागच्या दाराच्या पायरीवर तिरपा प्रकाश पडलेला असावा आणि त्या प्रकाशात तेलाने माखलेलं फडकं पसरलेलं असावं, एवढं जमून आलं की बोटांना काहीतरी उकलावंसं, घासावंसं, सुधारावंसं वाटू लागतं. हा माझा जुना रोग आहे. जिथे सारं सुरळीत चाललेलं असतं तिथेच मला खोड काढायची असते. "हिच्या हाताला सुखच नाय," असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

त्या वर्षी तर हातांना कामच उरलं नव्हतं. शतक बदलून दोनेक वर्षं झाली होती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ड्रॉइंगं काढत असे. साचे, त्यांचे एकमेकांत बसणारे जबडे, केसाएवढ्या फरकांची मोजमापं, यांत माझी सहा वर्षं सुखाने गेली होती. एका दिवाळीनंतर कारखान्याने आपलं बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवलं आणि एकोणतीस वर्षांची मी नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या बैठ्या घरात दिवसभर राहू लागले. नोकरी गेलेल्या मुलाला लोक नोकरीचं विचारतात, मुलीला लग्नाचं. तेवढं टाळण्यासाठी मी दुपारभर घरातच काहीबाही करत बसे. विळीला धार लावून झाली, शिलाई मशीनला तेल घालून झालं, दारांच्या बिजागऱ्या बदलून झाल्या, पंख्याची पाती तर दोनदा पुसून झाली. मग माझी नजर आतल्या खोलीतल्या कपाटामागे गेली. तिथे अण्णांची रायफल उभी असे.

रायफल म्हणजे छऱ्यांचीच, नळी मधोमध मोडून हवा भरायची. अण्णा शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेतल्या कॅडेटांना नेमबाजीही. त्या शिकवण्यापायी त्यांनी ती केव्हातरी जुनीच विकत आणली होती. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, दर पौर्णिमेला वंदना, आणि पहिलंच शील कुणा जिवाला इजा न करण्याचं. अशा घरात ही वस्तू आल्याने आईने तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता म्हणे. तो सुटला तो अण्णांनी शब्द दिल्यावर: कागदाशिवाय कशावरही नेम धरणार नाही. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. पेरूवर येणाऱ्या पोपटांनाही ते टाळ्या वाजवूनच उडवायचे.

रविवारी सकाळी विहारातून आलं की त्यांचा नेम ठरलेला असे. आई बाजूच्या फाटकाला कडी घालून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मागच्या दारात खुर्ची, समोर कंपाउंडची भिंत, भिंतीशी वाळू भरलेली लाकडी पेटी आणि पेटीवर काळ्या वर्तुळाचा कागद. पाच छरे. प्रत्येक छरा सुटला की कागदाकडे न जाताच ते पुटपुटायचे, "नऊ, जराशी डावीकडे," किंवा "आठ, खाली". आणि शेवटी कागद काढून आणला की भोकं अगदी तिथेच असायची. कॅडेटांना ते सांगत की चाप ओढताना आपण काय पाहिलं हे ज्याला सांगता येत नाही, त्याने नेम धरलेलाच नसतो. अलीकडे मात्र हे पुटपुटणं थांबलं होतं. पाच छरे उडवून ते गप्प बसत आणि मला म्हणत, "आण गं कागद, बघ कसे आहेत." वर्तमानपत्रही ते माझ्याकडूनच वाचून घेत, म्हणत की घरी बसून तुझा आवाज गंजेल. मला वाटे, माझं मन रमावं म्हणून चाललंय हे सगळं. ते रमत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात मी स्क्रूंपासून केली. गंजलेले काढून पितळी बसवले. मग नळीवरचे तांबूस डाग तेलाच्या चिंधीने घालवले, मेन रोडवरच्या चांभाराकडून चामड्याचा पट्टा शिवून आणला, दस्त्याच्या टोकाला, जिथे तो खांद्याला टेकतो तिथे, सायकलच्या जुन्या टायरचं रबर कापून बसवलं, आणि पुढच्या टोकाची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, काजळी धरून पुन्हा काळीभोर केली. प्रत्येक वेळी अण्णा वस्तू हातात घेऊन वरून बोटं फिरवत आणि म्हणत, "छान झालंय. कर, तुझे हात रिकामे आहेत." या परवानगीने माझी भूक वाढतच गेली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्याही उद्या तिचं काय करता येईल याचेच आराखडे डोक्यात फिरत, आणि आपण नोकरीसाठी अर्ज केलेला नाही हे सोयीस्करपणे विसरायला होई.

आता फक्त दस्ता उरला होता. सागवानी दस्ता, वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने मळकट झालेला; आणि त्याच्या डाव्या बाजूला, जिथे नेम धरताना गाल टेकतो, तिथे एक उथळ खळगा. पंचवीसेक वर्षं अण्णांचा दाढीचा गाल तिथे घासून घासून लाकूड झिजलं होतं आणि त्यांच्या डोक्याचं खोबरेल मुरून तो भाग काळसर पडला होता. ड्रॉइंगवर रेघ वाकडी गेली की मला जसं व्हायचं तसंच त्या खळग्याकडे पाहून झालं. अण्णा आणि आई चुलतभावाच्या लग्नासाठी चार दिवस मनमाडला गेले तेव्हा मी संधी साधली. काचपेपरने सगळा दस्ता पांढराफेक होईपर्यंत घासला. काळसर डाग जाईना म्हणून तिथे जरा जास्तच घासला. मग खळग्यात लांबी, म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवतात तो लगदा, भरली, ती सुकल्यावर सपाट केली, आणि वर जवसाच्या तेलाचे हात चढवले. चौथ्या दिवशी सागाच्या रेषा मधाच्या रंगात अशा काही उमटल्या, की तीन-चार महिन्यांत पहिल्यांदाच माझं मला बरं वाटलं.

पुढचा रविवार आला. विहारातून आल्यावर अण्णांनी रायफल हातात घेतली, हुंगली, हसले. मी पायरीवर बसून शाबासकीची वाट पाहू लागले. पहिला छरा सुटला आणि कागदाच्या बराच वर भिंतीचा पोपडा उडाला. दुसराही वरच. तिसऱ्याने भिंतीवरच्या कोरफडीची कुंडी फोडली; लाल खापऱ्या पेटीवर पडल्या, आणि आई पदराला हात पुसत बाहेर आली. अण्णांनी चौथा छरा भरलाच नाही. दस्त्याला गाल लावून ते तो वर सरकवत होते, खाली सरकवत होते, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसे.

"माझी जागा कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"बुजवली, अण्णा. खळगा पडला होता ना," मी म्हणाले, त्या क्षणापर्यंत माझ्या आवाजात अभिमानच होता.

त्यांची बोटं दस्त्यावरून सावकाश फिरली. मी एकदा कुंडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्या डोळ्यांकडे. "अण्णा, तुम्हाला कागद दिसत नाही?"

"दिसतो की. कडेकडेने सगळं दिसतं. भिंत दिसते, पेरू दिसतो, तुझा हात दिसतोय. फक्त जिथे बघावं तिथेच मधोमध काळं." ते किंचित हसले. "जिकडे बघावं तिकडे आता टार्गेटच आहे."

डोळ्याच्या पडद्याचं दुखणं होतं, बरं न होणारं. आईला सगळं ठाऊक होतं. "दीड वरीस झालं," ती खापऱ्या गोळा करत म्हणाली, "चहाचा कप म्या त्यांच्या हाताला लावूनच देते, तुला दिसलं नाय का कधी?" नव्हतं दिसलं. केसाएवढा फरक मोजणाऱ्या मला माझ्या समोर बसलेल्या माणसाचा चहाचा कप दिसला नव्हता. आधी तुझ्या नोकरीत व्यत्यय नको म्हणून, आणि मग तू घरी बसलेली, तुझ्या डोक्याला आणखी घोर कशाला, असा दोघांनी मिळून विचार केला होता. दीड वर्ष अण्णा डोळ्यांनी नेम धरतच नव्हते. त्या खळग्यात गाल बसला की डोळा, नळी आणि कागद आपोआप एका रेषेत येत आणि गालाच्या भरवशावर ते चाप ओढत. त्यांच्याजवळ उरलेला तेवढा एकच नेम मी काचपेपरने घासून टाकला होता. मला इतकी लाज वाटली, की मी घरात जाऊन नळ सोडला आणि उगाच हात धूत राहिले.

दुपारी मी लांबी कोरून काढली. पण खळगा परत आला नाही. आजूबाजूचं लाकूडही मी घासलेलं, त्यामुळे आता तिथे एक ओबडधोबड खड्डा तेवढा होता. अण्णा म्हणाले, "राहू दे, पुष्कळ झालं मारून." ते इतक्या सहजपणे म्हणाले, की त्यापेक्षा रागावले असते तर मला सोसलं असतं. पुढचे चार-पाच दिवस ते मागच्या दाराकडे फिरकले नाहीत. सकाळी वर्तमानपत्र वाचताना मी मध्येच थांबले तरी पुढे वाच असं म्हणेनात.

टूलरूममध्ये साच्याचे दोन भाग एकमेकांत नीट बसतात की नाही हे पाहायला आमचा म्हातारा फिटर एका भागाला निळा रंग फासायचा. दोन्ही भाग मिटून उघडायचे; दुसऱ्यावर जिथे निळा डाग उमटेल तिथे उंचवटा, तिथेच खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा मिटणं, पुन्हा खरवडणं, निळाई सगळीकडे सारखी उमटेपर्यंत. त्या वेळी काचेच्या खिडकीआडून बघताना मला ते काम फार मंद वाटायचं. हे आठवलं ते आई कपड्यांना नीळ घालत होती तेव्हा. मी चिमूटभर नीळ मागून घेतली, खोबरेलात कालवली, आणि अण्णांना जवळजवळ ओढतच मागच्या दारातल्या खुर्चीवर आणून बसवलं.

मग मी त्यांच्या गालाला नीळ लावली. गालाचं हाड, खाली गेलेला मांसल भाग, दाढीचे पांढरे खुंट, सगळं बोटाखाली लागत होतं, आणि लावता लावता माझ्या ध्यानात आलं की मोठी झाल्यापासून मी या चेहऱ्याला कधी हातच लावला नव्हता. लहानपणी जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या खांद्यावर बसून मी त्यांच्या तोंडाला नीळ फासायचे, त्यानंतर आजच. अण्णा डोळे मिटून स्वस्थ बसले होते. आई दारातून बघत म्हणाली, "जयंतीला अजून दीड महिना हाय, आत्ताच कशाला रंगवती त्यांना?" आणि तिघंही हसलो. मी दस्ता त्यांच्या गालाशी धरला, काढला, निळा डाग पडला तिथे काचेच्या तुकड्याने खरवडलं. पुन्हा लावला. पुन्हा खरवडलं. घाई करायची सोयच नव्हती, कारण एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही, हे मला आता चांगलंच कळलं होतं. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं तरी माझ्या हातांना दुसरं काही सुचलं नाही.

शेवटी आईने फाटकाला कडी घातली. अण्णांनी एक छरा भरला, गाल टेकवला, चाप ओढला.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं, ते सांगायचे. मी भिंतीपाशी गेले. लागला, असं म्हणणं फार सोपं होतं. ते उठून बघायला येणार नव्हते, आणि आले असते तरी त्यांना दिसणार नव्हतं.

"कागदाबाहेर, अण्णा. दोन बोटं वर."

मग त्यांनी रायफल माझ्या दिशेने पुढे केली आणि ओल्या निळीचा गाल माझ्याकडे वळवला. "मग घास अजून."

पुढे मला सातपूरला नोकरी लागली, तरी रविवार आमचे तसेच राहिले. त्यांनी विचारायचं, मी सांगायचं, कधी छरा वर गेला म्हणून पुन्हा थोडं खरवडायचं. तिसऱ्या वर्षी तर कागद दहा हातांवर आहे की नाही हेही त्यांना उरलेल्या कडेने दिसेनासं झालं, पण कागदाला भोकं पडत राहिली.

आता अण्णा नाहीत, रायफल माझ्या घरी असते. येणारे-जाणारे दस्त्यावरचा तो निळसर खोल खड्डा पाहून हळहळतात, छान पॉलिश करून घ्या म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, तेलाचा वास आला की माझी बोटंही तिकडे वळतात. मग मी ती उचलते आणि त्या जागी गाल बसवते. तो खळगा इतका खाली गेला आहे की तिथून माशी दिसत नाही, भिंत दिसत नाही, काहीच दिसत नाही. तशीच मी थोडा वेळ बसून राहते, आणि मागे कुणी आहे का हे न पाहता विचारते, कुठे?