मास्कमध्ये चष्मा मावत नाही

सोलापुरातल्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. प्रवाळाचा भाग आला की मी रंगीत खडूंनी फळा भरून टाकते आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही बघितलंय का खरं?" नाही म्हणायचा मला कंटाळा आला होता. म्हणून नाताळच्या सुटीत अंदमानला जायचं मी ठरवलं.

आमचे हे चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. समुद्राचं त्यांना काही नव्हतं. "पाणीच बघायचं तर उजनीला जाऊ की," असं म्हणत म्हणत ते तयार झाले. मग निघायच्या आठवडाभर आधी, जेवताना त्यांनी सांगितलं की आक्कापण येतीय. आक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, मंद्रूपला राहतात. यजमान गेल्यापासून त्या कुठंच गेल्या नव्हत्या. मला न विचारता यांनी त्यांचं तिकीटसुद्धा काढलं होतं. वाईट वाटलं, पण विधवा नणंदेला नको कसं म्हणायचं? मी ताटातली भाजी संपवली.

हैदराबादहून विमान होतं. पोर्ट ब्लेअरला उतरलो तेव्हा अंगातला स्वेटर काढून हातात धरावा लागला, इतकी ऊब. झाडं हिरवीगार, हवा दमट. मला फार बरं वाटलं. आक्कांनी मात्र गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "हितं भाकरी कुटं मिळंल?"

दुसऱ्या दिवशी लांबच्या बेटावर जायचं होतं. तिथलं प्रवाळ चांगलं, असं मी वाचलं होतं. धक्क्यावर गेलो तर समुद्र खवळलाय म्हणून बोट रद्द. दिवसभर हॉटेलच्या खोलीत बसलो. बाहेर ऊन लख्ख पडलेलं, आणि टूरवाला म्हणतोय समुद्र खवळलाय. हे पलंगावर आडवे होऊन मोबाईलवर बातम्या बघत होते. आक्कांनी डब्यातून शेंगाची चटणी काढली आणि कडक भाकरीचा तुकडा माझ्यापुढं केला. "खा बाई. बोट काय, उद्या हाय की."

उद्या बोट होती, पण जवळच्या बेटावरची, तळाला काच बसवलेली. त्या काचेतून खालचं दिसतं. काचेभोवती माणसं दाटीनं वाकली होती. मी जागा धरली, चष्मा पुसला, आणि बोट जरा हलली तोच आक्कांनी माझा दंड घट्ट धरला. "मला कसंतरीच होतंय गं." पुढचा सगळा वेळ मी त्यांच्या तोंडापुढं पिशवी धरून बसले. एका हातानं त्यांचं कपाळ, दुसऱ्या हातात पिशवी. लोक "ते बघा, ते बघा" करत होते. मान वळवली की आक्का पुन्हा ओकायच्या. हे बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, तिथून म्हणाले, "तिला लिंबू दे." जणू माझ्या पर्समध्ये लिंबाचं झाडच होतं.

शेवटच्या दिवशी मी हट्टच धरला. "आज मी पाण्यात उतरणार. आक्कांजवळ तुम्ही बसा."

"बसतो की. मी कुटं न्हाय म्हणतोय?"

किनाऱ्यावर एका माणसानं मला जॅकेट घातलं, तोंडात नळी दिली आणि मास्क पुढं केला. मग म्हणाला, "चश्मा उतारिए, मॅडम."

मला उणे सातचा चष्मा आहे. लेन्स डोळ्यांना सोसत नाहीत. किती तयारी केली होती मी, कुठल्या महिन्यात पाणी नितळ असतं तेसुद्धा वाचून काढलं होतं. पण मास्कमध्ये चष्मा मावत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. चष्मा वरून लावून बघितला, आतून दाबून बघितला. मास्कमध्ये पाणी शिरायला लागलं. शेवटी चष्मा यांच्या हातात दिला आणि गेले.

खाली डोकं घातलं. तपकिरी, पिवळं, कुठं जांभळट, सगळं एकात एक कालवलेलं. काहीतरी चमकून गेलं. मासाच असणार. वीतभर अंतरावरचं मला स्वच्छ दिसतं, म्हणून मी जवळ जायला पाय मारले, तर जॅकेट मला वर ढकलायचं. तरी एका उथळ जागी पोचतच होते, तेवढ्यात त्या माणसानं जॅकेटला धरून मागं ओढलं. "पास नहीं जाना, टूट जाएगा." त्याचं बरोबरच होतं. हेच मी वर्गात शिकवते. त्या पाण्यात मला स्पष्ट दिसली ती फक्त माझीच बोटं.

बाहेर आले. यांनी विचारलं, "कसं हाय?"

"दिसत नाही काही."

"आसं कसं दिसत न्हाय? थांब, मी बघून येतो."

हे लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले. गेले, आणि येईचनात. त्या माणसानं शिट्ट्या मारल्या तेव्हा कुठं वर आले. चेहरा एखाद्या पोरासारखा झालेला. "अगं, मेंदूसारखे दगड हायत! आणि फांद्यांत निळे मासे, लई बारके. एक मासा तर दगड कुरतडत होता."

"पोपटमासा," मी म्हटलं. "तो प्रवाळ खातो. त्याचीच वाळू होते."

"व्हय? तुला कसं म्हाईत?"

मी ओले केस पिळायला लागले. जेवताना हे पुन्हा माशांवरच आले. आक्कांनी एकदा माझ्याकडं, एकदा यांच्याकडं बघितलं आणि यांना म्हणाल्या, "तू न्हाय बोलायचं आता माशांवर."

सोलापूरला परतल्यावर हे येईल त्याला सांगत सुटले. मी चहा ठेवायला आत जायची. चष्मा सैल झाला म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले, बोलता बोलता मास्कचं सांगितलं, तर दुकानदार सहज म्हणाला, चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो की, आधी बोलला असता तर मागवून ठेवला असता. मी पैसे देऊन सरळ बाहेर पडले. नाहीतर त्याच्यावरच ओरडले असते, त्याचा काय दोष?

वर्गात मुलांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की रंग दिसले, आकार दिसले नाहीत. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग मॅडम, परत जा की."

घरी यांना तिचं बोलणं सांगितलं. "जाऊ की," हे म्हणाले. आक्का तेव्हा आमच्याकडंच होत्या. त्या म्हणाल्या, "जावा तुमी दोघं. मी न्हाय यायची."

हे लगेच म्हणाले, "आसं कसं? तू तर यायलाच पायजे."

मी उठून गॅस बंद करायला गेले.