भूकंप नाही, दुपार आहे

मी जपानला निघाले त्या दिवशी बाबा दुपारी झोपले नाहीत. साताऱ्यात आम्हाला ओळखणाऱ्यांना एवढ्या एका वाक्यावरून प्रसंग कळेल. बाबांचं स्टेशनरीचं दुकान होतं. ते एक वाजता बंद व्हायचं आणि चार वाजता उघडायचं. मध्ये कुणाची परीक्षा असो की कुणाला कोर्टाचा कागद हवा असो, शटर वर जायचं नाही. "देवाचंसुद्धा दार दुपारी बंद असतं. मी कोण मोठा लागून गेलो?" असं म्हणून ते डाव्या कुशीवर वळायचे. त्या दिवशी मात्र मला विमानतळावर नेणारी गाडी दोन वाजता यायची होती आणि बाबा दारात खुर्ची टाकून चष्मा पुसत बसले होते.

२०११ चा तो मोठा भूकंप होऊन थोडेच आठवडे झाले होते. टीव्हीवर रोज ती लाट दाखवत. तिकडची आपली माणसं मिळेल त्या विमानानं परत येत होती, आणि मी पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून तोक्योला निघाले होते. नेमणूक आधीच झाली होती. कंपनीनं कळवलं होतं की आता यायचं नसेल तर आम्ही समजून घेऊ. मी कळवलं, येते. का, असं लोक अजून विचारतात. खरं सांगू? ओळखीचं प्रत्येक माणूस 'जाऊ नको' म्हणत होतं, म्हणून. नको म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडेच वळतात, हे आईला मी रांगत होते तेव्हापासून माहीत आहे.

आईनं वाद घातला नाही. तिनं सावरीच्या कापसाची, फुलाफुलांच्या अभ्र्याची छोटी उशी माझ्या हातात दिली. "विमानात मान अवघडेल," म्हणाली. बाबा गाडीपर्यंत आले. जपानी माणसं दिवसभर न थांबता राबतात, असं पेपरात वाचलेलं त्यांच्या डोक्यात घोळत असावं. "ज्या देशात माणसाला दुपारी आडवं व्हायला मिळत नाही," ते म्हणाले, "तिथली जमीन हलणारच." त्यांनी ते अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. मी हसले आणि गाडीत बसले, आणि खंबाटकी घाट उतरेपर्यंत रडत होते.

विमान जवळजवळ रिकामं होतं. तीन खुर्च्यांवर आडवी होऊन, आईच्या उशीवर डोकं ठेवून मी जपानला पोचले.

तोक्योत, बरीच भारतीय कुटुंबं राहतात त्या फुनाबोरीला घर मिळालं. ऑफिसात मला जे टेबल मिळालं ते भूकंपानंतर आपल्या देशी निघून गेलेल्या कुणा इंजिनीअरचं होतं. टेबलाखाली हुकाला पांढरं हेल्मेट अडकवलेलं होतं, प्रत्येकाच्या टेबलाखाली होतं. आमचे विभागप्रमुख ओकादा-सान यांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली, "सगळे जात होते तेव्हा या आल्या. जगुतापु-सान." जगताप म्हणणं त्यांना आजवर जमलेलं नाही. पण त्या एका वाक्यानं ऑफिसात माझी पत वाढली, आणि मी ती जपून ठेवली. पुढे ती कुठे खर्च होणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिली तीन-चार वर्षं मी गुणी मुलगी होऊन राहिले. कचरा ठरलेल्या वारी ठरलेल्या पिशवीत. ट्रेनमध्ये फोन बंद. मीटिंगमध्ये 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', म्हणून मान डोलवायची. पायाखालची जमीन थरथरली की पंख्याकडे बघायचं, मग आठवायचं की इथे पंखाच नाही. लोक फार चांगले होते, पण इतक्या वर्षांत मला कुणी माझं वय विचारलं नाही, लग्न झालं का विचारलं नाही, जेवलीस का विचारलं नाही. साताऱ्यात याच प्रश्नांना कंटाळून मी पळाले होते. इथे रविवारी संध्याकाळी तेच प्रश्न कानात घुमायचे. बाबांचा फोन यायचा, बोलणं संपता संपता ठरलेलं, "बघ बाई. परत ये." मी म्हणायची, नाही. मग दोघंही फोन ठेवायचो.

आणि मग लिन्ह आली.

लिन्ह व्हिएतनामची, दा नांगची. माझ्या टीममध्ये सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलेली. पहिल्याच दिवशी, कॉफीच्या मशीनपाशी, तिनं मला वय विचारलं. मग लग्न. मग घरी कोण कोण असतं. मी उत्तरं देत गेले आणि मला इतकं बरं वाटलं की कॉफी गार झाली. वय कळल्यावर ती मला 'चि' म्हणू लागली. चि म्हणजे ताई. त्यांच्यात वय कळल्याशिवाय समोरच्याला हाकच मारता येत नाही, ताई की मावशी की धाकटी, हे आधी ठरावं लागतं. मी म्हटलं, आमच्या गल्लीत तू एका दिवसात रुळली असतीस.

दुपारी लिन्ह डबा दहा-पंधरा मिनिटांत संपवायची, खणातून लहानशी निळी उशी काढायची, टेबलावर ठेवायची आणि झोपायची. अर्धा तास. एक वाजला की उठून, केस सारखे करून, कामाला. तिच्या कामात मी चूक काढू शकत नसे, आणि चुका काढण्यात माझा हात धरणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं.

आता जपानमध्ये झोपेला बंदी आहे असं समजू नका. ट्रेनमध्ये उभ्यानं झोपतात. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या डोळे मिटतात, आणि बाकीचे आदरानं आवाज कमी करतात, बिचारा किती दमलाय. पण दमून झोप लागणं वेगळं आणि उशी काढून झोपणं वेगळं. उशी म्हणजे तुम्ही आधीच ठरवून आलात. ते चालत नाही.

एकदा ग्राहक कंपनीचे लोक जेवणाच्या सुट्टीत मजल्यावरून गेले आणि त्यांनी लिन्हला पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओकादा-सान यांनी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. "जगुतापु-सान," ते टेबलाकडे बघत म्हणाले, "उशीचं जरा कठीण आहे." जपानी माणूस 'कठीण आहे' म्हणाला की त्याचा अर्थ 'अजिबात नाही'. लिन्हचं प्रोबेशन संपत आलं होतं. तिला कायम करायचं की नाही, वरचे तिच्या 'वृत्ती'बद्दल विचारत होते. उशी गेली नाही तर लिन्ह जाईल, आणि हे तिला मी सांगायचं होतं. "तुम्ही दोघी आशियातल्या," ते म्हणाले, "तुम्ही समजावू शकाल." जपान कुठल्या खंडात आहे, हे विचारायचं जिभेवर आलं होतं.

"तिचं काम कधी अडलं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

इथे 'मग?' असं कुणी विचारत नाही.

मी लिन्हला काहीही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी मी घरून आईची उशी आणली. जेवण झाल्यावर लिन्हच्या शेजारी, भर मजल्यात, टेबलावर ती फुलाफुलांची उशी ठेवली आणि डाव्या कुशीवर, म्हणजे डाव्या गालावर, झोपले. झोप कसली लागणार! पण डोळे मिटून पडून राहिले. सगळे जात होते तेव्हा आलेली बाई मी. काढा म्हणावं आता मला.

ऑफिसात सगळ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. फुनाबोरीतल्या आपल्याच मैत्रिणींनी मात्र सुनावलं. "त्या व्हिएतनामी पोरीपायी स्वतःच्या व्हिसावर पाणी सोडशील. कशाला नसत्या उठाठेवी?" मी म्हटलं, ही उठाठेव माझ्या बापाची आहे. त्यांना काही कळलं नाही.

त्याच सुमारास कंपनीनं दा नांगमध्ये एका छोट्या कंपनीबरोबर काम सुरू करायचं ठरवलं. जाणाऱ्या साहेब लोकांसाठी एक प्रशिक्षण झालं, 'व्हिएतनामी संस्कृती समजून घेताना'. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी पडद्यावर सगळं दाखवलं. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या. कुणाच्या डोक्याला हात लावू नका. पेला उंचावताना अमुक म्हणा. व्हिएतनामी लोक असे असतात, तसे असतात. लिन्ह मागच्या रांगेत बसली होती. अख्ख्या तासात तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी हात वर केला, "दुपारी तिथे काय करतात?" तज्ज्ञ म्हणाले, "जेवतात." लिन्ह खाली बघून हसली.

आणि आम्ही दा नांगला गेलो, ओकादा-सान आणि मी. तिथल्या लोकांबरोबर जेवलो, ऑफिसात परतलो. ओकादा-सान मोठ्या दालनात एका टेबलाशी कागद चाळत बसले, मी हात धुवायला गेले. परत आले तर दालनात अंधार. पडदे ओढलेले, दिवे बंद. दा नांगमध्ये दुपारी हे असंच असतं, लिन्हनं मला सांगितलं होतं. लोक टेबलांखाली चटया अंथरून ओळीनं झोपले होते. ओकादा-सानही खुर्चीत नव्हते.

ते टेबलाखाली होते. गुडघे पोटाशी घेतलेले, सुटाबुटात, दोन्ही हातांनी बॅग डोक्यावर धरून.

दिवे गेले आणि आजूबाजूची माणसं भराभर टेबलाखाली शिरली. एका जपानी माणसाला, त्या वर्षानंतर, याचा एकच अर्थ माहीत होता. हेल्मेट नव्हतं म्हणून बॅग. शेजारच्या चटईवरच्या हिशेबनीस बाई डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघत होत्या. पाहुण्याकडे चटई नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सरकून आपली अर्धी चटई त्यांच्याकडे ढकलली.

मला हसू आलं नाही. मी वाकून हळूच म्हटलं, "ओकादा-सान, भूकंप नाही. दुपार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे, मग त्या चटईकडे. बॅग खाली ठेवली. बूट काढून नीट जोडून ठेवले. आणि ते आडवे झाले. दिवे लागले तेव्हा त्यांना उठवावं लागलं. चटईचे वळ गालावर घेऊन त्यांनी पुढची सगळी मीटिंग केली.

त्यावर आम्ही आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही. पण तोक्योला परतल्यावर दुसऱ्या तुकडीसाठी प्रशिक्षण ठरलं तेव्हा त्यांनी तज्ज्ञांऐवजी मला बोलायला सांगितलं. मी पडदा लावला नाही. मी म्हटलं, "व्हिएतनामी लोक असे असतात, हे वाक्य मी बोलणार नाही, कारण भारतीय लोक असे असतात हे मी इथे रोज ऐकते. ते तुमचं वय विचारतील, बायकोबद्दल विचारतील. त्या चौकशा नाहीत. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते ठरवतायत, म्हणजे तुम्हाला घरात घेतायत. दुपारी दिवे जातील. घाबरू नका, आडवे व्हा. बाकीचं लिन्हला विचारा, ती इथेच बसली आहे." ओकादा-सान पहिल्या रांगेत होते. त्यांनी लिहून घेतल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघालं. वीज वाचवण्यासाठी जेवणाच्या सुट्टीत संपूर्ण मजल्यावरचे दिवे बंद राहतील. भूकंपाच्या वर्षी हे होतंच, सेत्सुदेन म्हणायचे त्याला, पुढे सगळे विसरले होते. वीज वाचवायला या देशात कोण नाही म्हणणार? झोपेचा त्यात उल्लेखही नव्हता. अंधारात कोण काय करतं ते ग्राहकांना दिसत नाही, इतकंच. लिन्ह कायम झाली. ही बातमी तिला ओकादा-सान यांनी स्वतः दिली. ते आता खणात एक करडी उशी ठेवतात.

मध्यंतरी साताऱ्याला जाऊन आले. दुकान दादा चालवतो. सकाळी उघडतं ते रात्रीच बंद होतं, ऑनलाइनवाल्यांशी स्पर्धा आहे म्हणतो, आणि त्याचंही खरं आहे. एक वाजता मी बाबांच्या खोलीत आडवी झाले तर खाली दुकानात झेरॉक्स मशीनची घरघर. बाबा कानात कापसाचे बोळे घालून झोपले होते. मला फार वाईट वाटलं. ज्या दुपारसाठी मी तिकडे भांडले ती इथेच उरली नव्हती.

परत आल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यातून बाबांना फोन केला. उशीपासून परिपत्रकापर्यंत सगळी गोष्ट पहिल्यांदाच सांगितली.

"म्हणजे आता सगळे झोपतात?"

"निम्मे तरी झोपतात, बाबा."

"आणि साहेब?"

"साहेबसुद्धा. घोरतात."

मग ते म्हणाले, "बरं. मग राहा तू तिथं."

इतकी वर्षं 'परत ये' ऐकलं आणि 'नाही' म्हटलं. आणि ते 'राहा' म्हणाले तेव्हा जागेवर परत जाता जाता मला समोरचं दिसेना. टेबलावर डोकं टेकून रडले. दिवे बंद होते, कुणाला कळलं नाही. लिन्हला कळलं. तिनं नुसती आपली खुर्ची जवळ ओढली.

तर, तुम्ही विचारता की घर कुठलं, इथलं की तिथलं, आणि निघून आलेल्यांनी याचं उत्तर ओशाळून द्यायचं असतं अशी पद्धत आहे. मी ओशाळत नाही. दुपारी आडवं व्हायला जिथं कुणाची परवानगी लागत नाही, ते माझं घर. साताऱ्यातलं बाबांनी शटर ओढून राखलं होतं. इथलं मला कुणी दिलेलं नाही. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तशी मी आईची उशी टाकून ही जागा धरली आहे. कुणी उठवायला आलंच, तर मी झोपले आहे म्हणून सांगा.